ऐनवेळचा विषय

लिफ्टमध्ये कुत्रा चालेल की नाही, हा वाद आपल्याकडे पहिल्यांदा स्वर्गाच्या दारात झाला. महाप्रस्थानाच्या वाटेवर द्रौपदी आणि चौघे भाऊ एकेक करून पडले. उरला एकटा धर्मराज, आणि त्याच्यामागे हस्तिनापुरापासून चालत आलेला एक कुत्रा. इंद्र रथ घेऊन आला. म्हणाला, तुम्ही बसा, कुत्रा खाली राहू द्या. धर्मराज नाही म्हणाला. तेव्हा इंद्राने नियम सांगितला: कुत्री बाळगणाऱ्यांना स्वर्गात जागा नाही, क्रोधवश नावाचे गण अशा लोकांचं पुण्य हिरावून नेतात. नियम नीट बघा. कुत्र्याने काय करावं याबद्दल त्यात चकार शब्द नाही. जे काही आहे ते बाळगणाऱ्याबद्दल. शिवाय वसुलीचं काम कुणाकडे, तेही ठरलेलं. तरीही धर्मराज बधेना, तेव्हा इंद्राने जो मुद्दा काढला तो ऐकून कुठल्याही हाउसिंग सोसायटीच्या सेक्रेटरीचा ऊर भरून येईल: भावांना वाटेत सोडलंत, बायकोला सोडलंत, मग या कुत्र्याचंच एवढं काय? मूळ विषय सोडून समोरच्याच्या घरातलं काढायची पद्धत इतकी जुनी आहे.

पुढे तो कुत्रा म्हणजे प्रत्यक्ष यमधर्म निघाला आणि प्रकरण मिटलं. आमच्या सोसायटीत ती सोय नाही. आमच्या बी विंगमधला ब्रूनो तळमजल्यावर ब्रूनो असतो आणि सातव्या मजल्यावर दार उघडलं तरी ब्रूनोच असतो.

महाभारताची सुरुवातही कुत्र्यापासूनच होते, हे फारसं कुणाच्या लक्षात राहत नाही. जनमेजयाचं सत्र चालू असताना एक कुत्रं तिथे आलं, त्याला जनमेजयाच्या भावांनी बडवलं. ते रडत आईकडे गेलं. आई म्हणजे सरमा, देवांची कुत्री. ती तडक यज्ञमंडपात आली आणि तिने विचारलं, माझ्या पोराने हविर्द्रव्याला तोंड लावलं नाही, त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही, मग मारलंत का? कुणीही उत्तर दिलं नाही. तक्रार तोंडी, कमिटी गप्प. मग तिने शाप दिला आणि पुढे जनमेजय त्या शापाची शांती करणारा पुरोहित शोधत फिरला. म्हणजे एवढ्या प्रचंड ग्रंथाच्या एका टोकाला मारहाणीची तक्रार आणि दुसऱ्या टोकाला प्रवेशबंदी. मधली अठरा अक्षौहिणी भानगड सुईच्या अग्रावर मावेल एवढ्या जागेवरून झाली, म्हणजे पार्किंगवरून.

आमच्या सोसायटीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेत कुत्रा कधीच नसतो. मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे, हिशेबपत्रकांना मंजुरी देणे, लेखापरीक्षकांची नेमणूक करणे, गच्चीच्या वॉटरप्रूफिंगबाबत विचारविनिमय करणे. हा विचारविनिमय माझ्या आठवणीत गच्चीइतकाच जुना आहे. आणि शेवटी ‘मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’. कुत्रा तिथून आत येतो. तोपर्यंत वॉटरप्रूफिंगवाले दमलेले असतात, बटाटेवडे निवलेले असतात आणि खजिनदार खुर्च्या मोजायला लागलेले असतात. अशा वेळी बी विंगच्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकू उभ्या राहतात आणि म्हणतात, “माझा एक छोटासा विषय आहे.”

छोटासा विषय बत्तीस किलोंचा लॅब्रॅडॉर असतो.

काकूंची तक्रार अशी की ब्रूनो त्यांच्याकडे बघतो. चावतो का? नाही. भुंकतो का? नाही. अंगावर येतो का? “येत नाही हो, पण बघतो. मी भाजी घेऊन आले की पिशवीकडे बघतो.” यावर ब्रूनोची आई (ती स्वतःला आईच म्हणवते, वडिलांना मात्र सगळे अजून जोगळेकरांच्या खालचे असंच म्हणतात) म्हणाली, “काकू, त्याला गाजर आवडतं.” हे उत्तर काकूंना अधिकच झोंबलं. कारण त्यांच्या घरात गाजर कुणालाच आवडत नाही आणि ते त्या गेली कित्येक वर्षं चिकाटीने आणत आहेत.

कुत्र्याच्या बाबतीत सोसायटीत दोन पक्ष असतात असा समज आहे. दोन नव्हे, तीन. एक ज्यांच्याकडे कुत्रा आहे. दुसरा ज्यांना कुत्रा नको आहे. तिसरा पक्ष सगळ्यात धोकादायक: ज्यांच्याकडे कुत्रा नाही, कुत्र्याबद्दल मतही नाही, पण निवृत्तीनंतर वेळ आहे. आमचे अप्पा या पक्षाचे. सरकारी नोकरीत उभा जन्म फायलींवर शेरे मारण्यात गेल्यामुळे त्यांना समोर कागद नसला की अस्वस्थ होतं. त्यांनी उभं राहून ठराव मांडला: “संस्थेच्या आवारात श्वानवर्गीय प्राणी बाळगण्यास मनाई करण्यात येत आहे.” सूचक अप्पा, अनुमोदक काकू. हात वर झाले. मतमोजणी झाली. ठराव प्रचंड बहुमताने मंजूर. ब्रूनोच्या आईने विरोधात हात वर केला. ब्रूनो सभेला हजर होता, पण सभासद नसल्याने त्याला मताधिकार नव्हता.

टाळ्या वाजत असतानाच मागच्या रांगेतून पाचव्या मजल्यावर भाड्याने राहणारी एक मुलगी मोबाइल वर धरून म्हणाली, “सर, असा ठराव करता येत नाही.”

सभेत एकदम शांतता पसरली. भाडेकरूला सभेत बोलता येतं का, हाच मुळात एक ऐनवेळचा विषय होता. पण तोवर तिने वाचायला सुरुवात केली होती. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ साली पाळीव आणि रस्त्यावरच्या कुत्र्यांबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. त्यांत लिहिलंय की रहिवाशांच्या संस्थेला पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही. सर्वसाधारण सभेत बहुमताने ठराव केला तरी नाही. छोटा कुत्रा चालेल, मोठा चालणार नाही, असंही म्हणता येत नाही. लिफ्ट वापरण्यापासून अडवता येत नाही आणि लिफ्टसाठी वेगळे पैसेही आकारता येत नाहीत.

बहुमताने करता येत नाही अशी एखादी गोष्ट या जगात आहे, हे आमच्या सभेला त्या दिवशी प्रथमच कळलं. आम्ही बहुमताने एका सभासदाची बाल्कनी बेकायदा ठरवली आहे, बहुमताने गणपतीच्या वर्गणीतून सीसीटीव्ही बसवले आहेत. एकदा तर बहुमताने पाऊस ‘अवेळी’ ठरवून टाक्या धुण्याचं बिल पुढे ढकललं होतं. आणि एका लॅब्रॅडॉरपुढे बहुमत चालेना!

“आणि भुंकण्याचं काय?” सेक्रेटरींनी विचारलं.

मुलीने बोटाने पान सरकवलं. भुंकणं ही कुत्र्याची नैसर्गिक अभिव्यक्ती आहे आणि ती समाजाने सहन केली पाहिजे, असं मंडळाचं म्हणणं. मात्र सतत भुंकण्याने शेजाऱ्यांना त्रास होऊ शकतो, तेव्हा मालकांनी विशेषतः रात्री कुत्र्याला शांत ठेवावं, असंही त्याच सूचनांमध्ये आहे. पण दुसरं वाक्य ऐकायला कुणी थांबलंच नाही. वॉटरप्रूफिंगवर बोलायला ज्यांना सभेने दोन मिनिटं दिली होती ते गृहस्थ उठून उभे राहिले आणि थरथरत्या आवाजात म्हणाले, “म्हणजे त्याला वेळेची मर्यादा नाही?”

राहता राहिला विष्ठेचा प्रश्न. कुत्र्याच्या मालकाने ती उचलावी, असं सगळ्यांनाच वाटतं. पहाटे साडेपाचला आजूबाजूला कुणी नसताना तेवढं फक्त मालकाला वाटत नाही. इथेही त्या सूचना सोसायटीला हात बांधून उभं करतात: उचलायला लावणारा कायदा जिथे नाही तिथे सोसायटीने स्वतःचा नियम करून सक्ती करू नये, दंड लावू नये, विनंती करावी. आता पुण्यात विनंती करायची म्हणजे काय करायचं असतं, हे दिल्लीत किंवा चेन्नईत बसून सूचना लिहिणाऱ्यांना ठाऊक असणं शक्य नाही. दुसऱ्या दिवशी फाटकावर पाटी लागली:

‘नम्र विनंती. ज्यांचा कुत्रा त्यांचीच पिशवी. इतर सभासद आपापल्या घरच्यांची सोय घरातच करतात, याची नोंद घ्यावी.’

तेव्हापासून आवार स्वच्छ आहे. दंडाने हे झालं नसतं.

त्या सभेनंतर मी प्राणी पाळण्याविषयीचे नियम जमतील तसे वाचायला लागलो. माझ्याकडे कुत्रा नाही. अप्पांच्या पक्षात मी हळूहळू ओढला जातो आहे, एवढाच त्याचा अर्थ. वाचता वाचता ध्यानात आलं, की या कायद्यांत प्राणी फार थोडा वेळ दिसतो. तो कलमाच्या पहिल्या ओळीत येतो, शेपूट हलवतो आणि जातो. मग उरलेलं पान माणूस आणि शेजारचा माणूस यांच्यावर असतं.

उदाहरणार्थ, प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा. त्याच्यामागे एक नर्तकी आहे. कलाक्षेत्राच्या संस्थापक रुक्मिणीदेवी अरुंडेल राज्यसभेवर नेमल्या गेल्या आणि १९५३ साली त्यांनी या विषयावर खासगी विधेयक आणलं. पंडित नेहरूंनी, सरकारच कायदा आणेल, असं सांगून ते मागे घ्यायला लावलं. पुढे सरकारने तो खरोखरच आणला, ही आपल्या संसदीय इतिहासातली नोंद घेण्यासारखी गोष्ट आहे. १९६२ साली जीवजंतू कल्याण मंडळ स्थापन झालं आणि त्याच्या पहिल्या अध्यक्षा त्याच.

त्या कायद्यात एक कलम फार सुंदर आहे. कायम साखळीला बांधलेल्या किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला मालकाने पुरेसा व्यायाम दिला नाही, तर तो गुन्हा. आमच्या समोरच्या बंगल्यातल्या काकांना डॉक्टर मंडळी अनेक वर्षं चालायला सांगत होती. साखर सांगत होती, गुडघे सांगत होते, सून तर रोज सांगत होती. काकांनी कुणाचंच ऐकलं नाही. मग मुलाने परदेशी जाताना जर्मन शेफर्ड मागे ठेवला आणि काका पहाटे सहाला टेकडीवर दिसू लागले. साखर आटोक्यात आली, कुत्रा आटोक्यात आला नाही. माणसाला व्यायाम करायला लावणारं कलम लोकसभेत कधीही मंजूर होणार नाही. तेच कुत्र्याच्या नावावर १९६० सालीच होऊन गेलं आहे आणि साखळीच्या दुसऱ्या टोकाला कोण आहे, हे कुणी विचारलेलं नाही.

या कायद्यातला दंड मात्र वाचून खाली बसायला होतं. पहिल्या गुन्ह्याला कमीत कमी दहा रुपये, जास्तीत जास्त पन्नास. पन्नास रुपयांत आज कुत्र्याच्या बिस्किटांचा बरा पुडाही येत नाही. म्हणजे कुत्र्यावर प्रेम करणं हे त्याच्याशी क्रूरपणे वागण्यापेक्षा महाग पडतं. हा दंड वाढवण्याची चर्चा अधूनमधून होते, आमच्या वॉटरप्रूफिंगसारखी.

जुन्या भारतीय दंड संहितेत, म्हणजे १८६० च्या, आणखी मजा होती. प्राण्याला ठार मारणं किंवा जायबंदी करणं हा गुन्हा. पण कुठला प्राणी? दहा रुपये किंवा त्याहून अधिक किमतीचा. हत्ती, उंट, घोडा, खेचर, म्हैस, बैल, गाय यांना किमतीची अट नव्हती. त्यांच्याखेरीज बाकीचे प्राणी पन्नास रुपयांचे असले तर शिक्षा मोठी. मेकॉलेच्या मंडळींनी साम्राज्याच्या शिस्तीत प्राणिसृष्टीचे भाव लावून टाकले. आमच्या गल्लीतला जो काळा कुत्रा अख्ख्या गल्लीची राखण करतो, त्याची बाजारात किंमत शून्य. आणि जो पग भिंतीवरच्या पालीला घाबरून सोफ्याखाली जातो त्याची तीस हजार. म्हणजे कायद्याच्या तराजूत पग जड. २०२४ च्या जुलैपासून नवी न्याय संहिता आली तेव्हा हे भाव काढून टाकले गेले. आता कुठलाही प्राणी, शिक्षा पाच वर्षांपर्यंत. काळ्याला हे कळवलं. त्याने कान खाजवला.

नव्या संहितेत मालकासाठीही एक कलम आहे. आपल्या प्राण्यापासून माणसाच्या जिवाला धोका किंवा गंभीर दुखापत होण्याचा संभव असताना पुरेशी काळजी घेतली नाही, तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. अप्पांनी हे कलम काकूंना समजावून सांगितलं. काकूंनी विचारलं, “बघण्याचा संभव त्यात येतो का?”

कुत्र्यावरून माणसं रस्त्यावर उतरतात हे काही आजचं नाही. मुंबईत १८३२ साली चक्क दंगल झाली. कंपनी सरकारचा १८१३ पासूनचा नियम असा, की वर्षातल्या ठरावीक दिवसांत शहरातली बेवारस कुत्री मारायची. त्या वर्षी ही मुदत जूनपर्यंत वाढवली होती आणि मारणाऱ्याला दर कुत्र्यामागे आठ आणे मिळत. सरकारने कुठल्याही कंत्राटदाराला नगावर पैसे कबूल केले, की नग वाढतात. ही गोष्ट सरकारला तेव्हाही कळली नाही. आठ आण्यांसाठी लोक घरात शिरून पाळलेली कुत्री ओढून नेऊ लागले. पारशी धर्मात कुत्र्याला मोठा मान. अंत्यविधीत मृताला कुत्र्याचं दर्शन घडवण्याची रीत आहे. आणि नेमका पारशांच्या सणाचा दिवस बघून, ६ जूनला, ही मोहीम त्यांच्या वस्तीत पोहोचली. लोकांनी कुत्री पकडणाऱ्यांना चोपलं. दुसऱ्या दिवशी बाजार बंद, कुलाब्याच्या छावणीला रसद जाऊ दिली नाही. पारशांच्या जोडीला हिंदू आणि जैनही उतरले. गोऱ्या शिपायांच्या न्याहारीत पाव नव्हता, कारण शहराच्या कुत्र्यांवर हात टाकला होता.

यातून निघालेली गोष्ट फार टिकाऊ ठरली: दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभाई आणि अमीचंद शहा यांनी पांजरपोळ काढला. भुलेश्वरला तो अजून आहे. मुंबईच्या गर्दीत, चोळखणांच्या आणि पूजासाहित्याच्या दुकानांच्या मागे गाई रवंथ करत बसलेल्या असतात. मुळात हे सगळं कुत्र्यांसाठी सुरू झालं, हे त्या गाईंना कुणी सांगू नये.

रस्त्यावरच्या कुत्र्यांचा प्रश्न आज सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला आहे आणि त्यात चावे, रेबीज, लहान मुलं असं बरंच काही आहे. त्याची थट्टा करण्याची माझी इच्छा नाही. पण एका नियमाशी थोडं थांबायला हवं. प्राणी जन्म नियंत्रणाचे २०२३ चे नियम सांगतात, की परिसरातल्या कुत्र्यांना कुठे खायला घालायचं ती जागा रहिवाशांच्या संस्थेने ठरवून द्यावी. जागेवरून भांडण झालं तर एक समिती बसवावी: मुख्य पशुवैद्यकीय अधिकारी, पोलिसांचा प्रतिनिधी, प्राणिकल्याण संस्थांची माणसं, तक्रारदार, सोसायटीचा प्रतिनिधी असे सगळे मिळून सात. काळ्याने भाकरी कुठे खावी यावर सात जण विचार करणार आणि काळ्या ज्या घराची दारं उघडी दिसतील तिथे जाऊन खाणार. घरात कुणाच्या जेवणाच्या जागेबद्दल सात जणांनी असा विचार केलेला मी फक्त लग्नात पाहिला आहे, तोही व्याह्यांच्या बाबतीत.

रेल्वेचं धोरण मला त्यातल्या त्यात सरळ वाटतं. वातानुकूलित पहिल्या वर्गातला कूपे किंवा केबिन संपूर्ण तुमच्या नावावर असेल तर कुत्रा तुमच्याबरोबर. नसेल तर तो गार्डाच्या डब्यातल्या खास पेटीत. टू टायर, थ्री टायर, स्लीपर यांत मोठ्या कुत्र्याला जागाच नाही. मधला मार्ग नाही. त्यामुळे आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबात सुट्टीला जाताना कुत्रा पहिल्या वर्गाने जातो आणि सासूबाई एसटीने. सासूबाईंची तक्रार नाही. त्या म्हणतात, “एसटीत निदान खिडकी तरी मिळते. त्या डब्यात मला त्याच्याशी इंग्रजीत बोलावं लागतं.”

पोपटाच्या बाबतीत मात्र कायदा आणि आजी यांच्यात उघड वैर आहे. एके काळी वाड्याच्या ओसरीवर पिंजरा टांगलेला असायचा, त्यात हिरवा पोपट, डाळिंबाचे दाणे, मिरची आणि “कोण आलंय?” हा एकच प्रश्न. वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे हा आपला कंठवाला पोपट पिंजऱ्यात ठेवणं गुन्हा आहे. नक्षीदार पाठीचं जे कासव लोक भाग्य उजळावं म्हणून काचेच्या पेटीत ठेवतात, तेही तसंच. त्याने भाग्य उजळण्याऐवजी वनखात्याची माणसं दारात येऊ शकतात. उलट परदेशी पक्षी पाळता येतात; त्यांतल्या काहींची सरकारकडे नोंदणी करावी लागते, इतकंच. आफ्रिकेतला करडा पोपट कागदपत्रं करून दिवाणखान्यात ठेवता येतो आणि कोथरूडच्या झाडावरचा ठेवता येत नाही. स्वदेशीच्या चळवळीला इतका जोराचा धक्का दुसऱ्या कशाने बसला नसेल. पण खरं सांगायचं तर नियम बरोबर आहे. आमच्या आजीच्या पोपटाला मी लहानपणी पाहिलं आहे. दिवसभर “कोण आलंय?” विचारायचा तो. एकदा पिंजऱ्याचं दार उघडं राहिलं आणि तो उडाला तो परत आला नाही. आजी आठवडाभर म्हणत होती, “माणसाळला होता हो.” आता वाटतं, दार उघडं आहे हे ज्याला कळलं, तो कशाला परत येईल?

आता मांजर. मांजराबद्दल शास्त्रात, पुराणात, दंड संहितेत फारसं काही नव्हतं आणि मांजराला त्याची खंत नव्हती. पुणे महापालिकेने कुत्र्यासाठी परवाना ठेवलाच होता. २०२२ मध्ये मांजरासाठीही परवाना घ्यावा असं ठरवलं. अर्ज करायचा, रेबीजची लस टोचल्याचा दाखला लावायचा, प्राण्याचा फोटो द्यायचा, शुल्क भरायचं. शुल्क किरकोळ. हेतू चांगला. अडचण एकच: अर्जात मालकाचं नाव लिहावं लागतं.

आमच्या सोसायटीत एक पिवळी मांजर आहे. सकाळी सात ते नऊ ती पहिल्या मजल्यावर दूध पिते, तिथे तिचं नाव मनी. दुपारी दुसऱ्या मजल्यावर झोपते, तिथे ती सोनी. संध्याकाळी चौथ्या मजल्यावरच्या मालवणी कुटुंबात बांगड्याचं डोकं खाते, तिथे तिला भवानी म्हणतात. परवान्याची बातमी आली तेव्हा सेक्रेटरींनी तिन्ही घरांना विचारलं. पहिला मजला म्हणाला, आमची कुठली, आम्ही फक्त दूध घालतो. दुसरा मजला म्हणाला, आमच्या सोफ्यावर झोपते, पण ती आमच्याकडे राहत नाही. चौथा मजला म्हणाला, बांगडा आम्ही आमच्यासाठी आणतो. तिच्यावर माया सगळ्यांची, नाव कुणाच्याच अर्जावर नाही.

हे चालू असतानाच ती व्यायली. आणि व्यायली कुठे, तर सहाव्या मजल्यावरच्या बंद फ्लॅटच्या बाल्कनीत. हा फ्लॅट ज्यांचा ते न्यू जर्सीत असतात आणि मेंटेनन्स नियमित पाठवतात. खजिनदारांनी वर जाऊन पाहिलं. चार पिल्लं, जुन्या उशीच्या कापसात. ते खाली आले ते थेट वहीजवळ.

“फ्लॅटमध्ये आता कुणीतरी राहतंय,” ते म्हणाले.

“मग?”

“मग नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस. मालक स्वतः राहत नाही, दुसरं कुणी राहतंय. सेवाशुल्काच्या दहा टक्के.”

अप्पांचा चेहरा उजळला. इतक्या वर्षांत खजिनदारांनी पहिल्यांदा त्यांच्या तोडीचा मुद्दा काढला होता. त्यांनी उपविधींची प्रत मागवली. प्रत आली. त्यांनी चष्मा पुसला आणि बराच वेळ वाचून बोट एका ओळीवर ठेवलं. “कुटुंबातली व्यक्ती राहत असेल तर हे शुल्क लावता येत नाही. मुलगा, मुलगी, सून, जावई, मेव्हणा... यादी आहे. तेव्हा आधी मालकाकडून खुलासा मागवा. संबंधित मांजर कुटुंबातली आहे की परकी.”

सेक्रेटरींनी त्याच दुपारी न्यू जर्सीला ईमेल पाठवला. विषय: आपल्या सदनिकेतील वास्तव्याबाबत. सोबत पिल्लांचा फोटो जोडला, पुरावा म्हणून. तिकडे सकाळ व्हायची होती, म्हणून उत्तराला वेळ लागला. आलं तेव्हा ते सभासदाकडून नव्हतं, त्यांच्या बायकोकडून होतं. कुटुंबातलीच आहे, असं लिहून द्यायला त्या तयार होत्या, स्टँप पेपरवरसुद्धा. परवान्याचे पैसेही त्या पाठवणार होत्या, आईचे आणि चार पिल्लांचे. फक्त आईचं नाव काय लिहायचं, ते कळवावं.

हा विषय आता पुढच्या सर्वसाधारण सभेत आहे, क्रमांक सहावर. मनी, सोनी, भवानी अशी तीन पॅनेल उभी राहिली आहेत. काकू मनीच्या बाजूने प्रचार करत हिंडतात आणि मत मागायला ब्रूनोच्या घरीही जाऊन आल्या. जाताना पिशवीतून गाजरं नेली होती.